रणस्मारक आणि लोकांचे मैदान

लढाईत पडलेल्या माणसांची आठवण गावाने कशी ठेवावी, हा प्रश्न लढाईइतकाच जुना आहे. निरनिराळ्या काळी त्याला निरनिराळी उत्तरे मिळाली. कोणी दगड उभा केला, कोणी स्तंभ रचला, कोणी छत्री बांधली. गेल्या शंभर वर्षांत मात्र जगातील कित्येक लहानमोठ्या गावांनी ह्या प्रश्नाला एक वेगळेच उत्तर दिले. त्यांनी वर्गणी जमवून खेळाचे मैदान किंवा सभागृह उभारले आणि रणात पडलेल्या आपल्या मुलांची नावे तेथे कोरली. ह्या उत्तरात काय तथ्य आहे, त्यात धोका कोणता आहे आणि आपल्या मराठवाड्याच्या इतिहासाशी त्याचे नाते काय, एवढ्याच गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभ आपल्या वेशीपासून करू. जुन्या देवळाच्या आवारात, पारावर किंवा गावकुसाजवळ शेंदूर फासलेला एक उभट दगड आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्याला वीरगळ म्हणतात. त्याच्या तळच्या चौकटीत लढाई कोरलेली असते. तिच्यावरच्या चौकटीत अप्सरा त्या वीराला घेऊन वर चाललेल्या दिसतात. त्याही वर तो वीर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर ह्याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. ज्याच्यासाठी हा दगड उभा राहिला तो कोणी राजा असेलच असे नाही. गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना पडलेल्या माणसांचेही वीरगळ आहेत. म्हणजे आपल्याकडील रणस्मारकाची परंपरा दरबारातून जशी आली, तशीच ती गावाच्या कृतज्ञतेतूनही आली. पण महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चंद्र-सूर्य आहेत, दगड आहे, शेंदूरही आहे. नाव तेवढे गेले. गाव त्या दगडाला देव म्हणून नमस्कार करते. तो कोणाचा मुलगा होता आणि कशासाठी लढला, हे सांगणारा कोणी उरला नाही.

ह्याच्या शेजारी आपल्याच परिसरातील दुसरे उदाहरण ठेवू. कंधार ही राष्ट्रकूटांच्या काळातील एक नामांकित नगरी. तेथील जलाशयाला जगत्तुंगसमुद्र असे नाव आहे आणि जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद होते. ते घराणे इतिहासजमा होऊन हजार वर्षे लोटली. त्या राजांच्या लढायांच्या कथा आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. परंतु पाण्याला चिकटलेले नाव टिकले, कारण पाण्याची गरज टिकली. वीरगळ आणि तलाव ही स्मरणाची दोन रूपे आहेत. एक नजरेसमोर उभे राहते, दुसरे कामास येते. ह्यांपैकी कोणते अधिक टिकाऊ, ह्याचा निवाडा इतका सोपा नाही, हे पुढे दिसेल.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे तिसऱ्या तऱ्हेची स्मारके आली. पहिले महायुद्ध संपल्यावर ज्या गावांतून पुष्कळ माणसे फौजेत गेली होती, तेथे सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. ह्या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. सैनिकांचे गाव ही ओळख त्या गावाने पुढेही जपली आणि आज लोक त्याला अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. परंतु पाटीवर आकडा होता, नावे नव्हती. आकडा सरकारच्या हिशेबाचा असतो. नाव घरातल्या माणसांचे असते.

सरकारी दगडालाही लोक स्वतःचा अर्थ देऊ शकतात, ह्याचे मोठे उदाहरण म्हणजे भीमा-कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे ते कंपनी सरकारने उभारलेले स्मारक. त्याचा पाया १८२१ साली घातला गेला. त्यावर जी नावे कोरली गेली, त्यांत महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्यानंतर तो स्तंभ आपल्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या समाजाच्या मेळाव्याची जागा झाला. कंपनीने स्तंभ बांधला तो स्वतःच्या विजयासाठी. शंभर वर्षांनी त्याला जो अर्थ प्राप्त झाला, तो तेथे जमणाऱ्या माणसांनी दिला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्मारकाचा अर्थ दगडात जेवढा असतो, त्याहून अधिक तो त्या दगडाभोवती जमणाऱ्या माणसांत असतो.

हाच विचार पश्चिमेकडील देशांत दोन महायुद्धांनंतर मोठ्या प्रमाणावर झाला. पहिल्या महायुद्धाने घरोघरीची मुले नेली. प्रत्येक गावाला आपले स्मारक हवे होते. तेव्हा वाद पडला तो असा, की पुतळा किंवा स्तंभ उभारावा की जिवंत माणसांच्या उपयोगाची एखादी वास्तू बांधावी. पुष्कळ ठिकाणी स्तंभ झाले. परंतु ऑस्ट्रेलियातील व इंग्लंडातील अनेक लहान गावांनी स्मारक म्हणून सभागृहे बांधली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून प्रचंड क्रीडांगण उभारले. त्यात पहिला सामना १९२३ साली झाला. त्याच्या स्तंभांवर महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ‘जिवंत स्मारक’ हा शब्दच रूढ झाला. कॅनडासारख्या थंड देशात हिवाळ्यात मुलांनी खेळावे कोठे, हा प्रश्न असतो. म्हणून तेथील गावांनी बर्फावरच्या खेळासाठी छपराची मोठी क्रीडागृहे बांधली आणि त्यांना स्मारक हे नाव दिले. किचनर ह्या शहरात असे क्रीडागृह १९५१ साली उघडले. ह्या शहराचे मूळ नाव बर्लिन. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते बदलून लॉर्ड किचनर ह्यांचे नाव ठेवण्यात आले. हेच किचनर १९०२ ते १९०९ ह्या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. शहराच्या नावात एक सेनापती आला. क्रीडागृहाच्या नावात मात्र सेनापती नव्हे, युद्धात पडलेले सगळे आले. एकाच गावाच्या दोन स्मरणांतील हे अंतर पाहण्यासारखे आहे.

अशा वास्तूमागचा विचार साधा होता. जी मुले परत आली नाहीत, ती जिवंत असती तर काय करीत असती? खेळली असती, गावच्या सभेला आली असती, लग्नाच्या पंगतीत बसली असती. मग जेथे ह्या गोष्टी घडतात, त्या जागेलाच त्यांचे नाव द्यावे.

आता आपल्या घराकडे वळू. एखाद्याला वाटेल, की ह्या गोष्टी परदेशच्या. मराठवाड्याचा युद्धाशी संबंध काय? परंतु आपल्या पाच जिल्ह्यांनी एक लढा स्वतःच्या अंगणात लढला आहे आणि तो ज्या हक्कांसाठी लढला गेला, त्यांत एकत्र जमण्याचा हक्क अग्रभागी होता. निजामी राज्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गश्ती निशाण ५३ ह्या नावाने प्रसिद्ध असलेले फर्मान निघाले आणि जाहीर सभेस आधी परवानगी घेण्याचे बंधन आले. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी, आखाडा चालवावयाचा तर परवानगी. मुलांनी एकत्र येऊन शिकावे, तरुणांनी एकत्र येऊन दंड काढावेत, मोठ्यांनी एकत्र येऊन बोलावे, ह्या तिन्ही गोष्टींवर सरकारची नजर होती. इंग्रजी मुलखात, पुण्यासारख्या शहरी, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू होऊ शकली. आपल्याकडे त्यानंतर अर्धशतक उलटल्यावरही चार माणसांनी जाहीरपणे एकत्र बसून देशाच्या प्रश्नावर बोलणे ही हुकूमाची बाब होती.

म्हणून येथील चळवळीने जमण्याच्या जागा शोधून काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, गावोगावची वाचनालये, गणेशोत्सव, कीर्तने ह्या त्या जागा. हिप्परगा व अंबाजोगाई ह्या दोन्ही शाळांत मुख्याध्यापक म्हणून काम केलेले व्यंकटेश खेडगीकर हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले, हा योगायोग नाही. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, १९३८ साली लातूरला दुसरे आणि १९४१ साली आपल्या उमरीला तिसरे. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढण्यात आले. तेव्हाच्या औरंगाबादेतील इंटरमिजिएट कॉलेजची मुले त्यांत होती. अशा मुलांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठावयास १९४६ साल उजाडले.

पुढचा इतिहास आपल्या जिल्ह्याच्या मातीत मिसळलेला आहे. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली भागात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे ह्यांची हत्या झाली. मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ ह्या मागणीसाठी संस्थानभर चळवळ झाली. त्यानंतर रझाकारांचा काळ आला. सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक ताब्यात घेण्यात आली. कंधार भागात कल्हाळीची गढी लढली. आजेगावच्या लढ्यात वापटीचे बहिर्जी शिंदे पडले. हैदराबाद शहरात ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

उमरीच्या प्रसंगातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. त्या रात्री हाती आलेली रक्कम वीस लाखांच्या घरातील होती. त्या काळचे वीस लाख! ती रक्कम हाताळणारी माणसे घरादाराला पारखी झालेली, उद्याची शाश्वती नसलेली होती. तरी ह्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि मुक्तीनंतर तो सादर झाला. लोकांच्या पैशातून जे काही उभे राहते, मग तो लढा असो वा इमारत, त्याचा खरा पाया हिशेबाची वही हाच असतो. वर्गणीदाराला आपला रुपया कोठे गेला हे कळले, की तो दुसरा रुपया देतो.

मुक्तीनंतर मराठवाड्याने आपले स्मारक कसे उभारले? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की एक लक्षणीय गोष्ट दिसते. वसमतला बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे. अर्जापूरला हुतात्मा पानसरे ह्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. ह्याच महाविद्यालयात पुढे नरहर कुरुंदकर प्राध्यापक व प्राचार्य झाले. कंधारला भाई केशवराव धोंडगे ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थेने आपल्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला: श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. आणि १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले, ते १७ सप्टेंबरच्या दिवशी व स्वामीजींच्या नावाने. ज्या राज्यात शाळा काढावयास परवानगी लागत होती, त्या भागाने आपल्या लढ्याची आठवण शाळा-महाविद्यालये काढून ठेवली. परदेशातील गावांनी ‘जिवंत स्मारक’ हा शब्द घडवून जे केले, ते आपल्या माणसांनी शब्दाची वाट न पाहता केले. वर्गणी मागण्यासाठी कार्यकर्ते बाजारात व खळ्यांवर गेले असतील, तर तेही ह्या प्रांताच्या रीतीला धरूनच होते. एका पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाने तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा केला होता आणि मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडावर रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालली होती.

ह्याच्या जोडीला सरकारी स्मारकेही झाली. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० नंतर, महाराष्ट्रभर स्वातंत्र्यसैनिकांसाठी हुतात्मा स्मारके बांधण्याची योजना निघाली आणि दोनशेच्या आसपास स्मारके एकाच धर्तीवर उभी राहिली. हेतू उत्तम होता. पण ज्या गावाने तेथे वाचनालय चालविले, अभ्यासिका काढली, सभा भरविल्या, तेथील स्मारक नांदते राहिले. जेथे हे झाले नाही, तेथे स्वातंत्र्यदिनी कुलूप निघते आणि सायंकाळी पुन्हा लागते. दोष इमारतीचा नाही. ती बांधताना गावाचा हात लागला नाही, म्हणून ती गावाच्या हाताला लागली नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग दगडी स्मारके नकोतच. सारी उपयोगाचीच असावीत. इतक्या घाईने निर्णय देता येत नाही. उपयोगी स्मारकालाही एक धोका आहे आणि तो मोठा आहे. वापराने वास्तू आपलीशी होते, पण त्याच वापराने नाव झिजते. लांबलचक नावाची आद्याक्षरे होतात. आद्याक्षरांमागचा माणूस कोण, हे तेथे शिकणाऱ्या मुलालाही सांगता येत नाही. परदेशातील क्रीडागृहांचेही तेच झाले. छप्पर जुने झाले, ते पाडून नवे बांधले आणि ‘स्मारक’ हा शब्द पाटीपुरता उरला. वीरगळाचे नाव गेले कारण ते कोणी लिहिले नाही. क्रीडागृहाचे नाव जाते कारण लिहिलेले कोणी वाचत नाही. परिणाम दोन्हींचा एकच. तेव्हा नुसता दगड पुरत नाही आणि नुसता उपयोगही पुरत नाही. उपयोगाच्या जागी नावे असावीत आणि वर्षातून एकदा तरी ती मोठ्याने वाचली जावीत.

आणि नावे कोणाची, हाही प्रश्न टाळून चालणार नाही. मुक्तिसंग्रामात हिंदू घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळाली. हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. पण त्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती आपण हलक्या आवाजातही क्वचितच सांगतो. सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत संस्थानातील निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, ते तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपले नांदेड. ज्यांनी हा लढा उभारला त्या स्वामीजींची शिकवण सर्व धर्मांच्या प्रजेच्या जबाबदार राज्यपद्धतीची होती. शोएबुल्ला खान तिच्यासाठी मेले. मग आपल्या स्मारकाच्या भिंतीवर गोविंदराव पानसऱ्यांच्या शेजारी शोएबुल्लांचे नाव असावयास हवे, आणि ज्यांना कोणत्याही पक्षात नसताना मरण आले, त्यांच्यासाठीही दोन ओळी हव्यात. ज्या गावात आजही सगळ्यांनी एकत्र नांदावयाचे आहे, त्या गावाचे स्मारक कोणाला बाहेर ठेवून पुरे होणार नाही. सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या मैदानाचा दगडी स्तंभाहून हाच विशेष आहे, की त्यात शिरताना कोणी कोणाची जात विचारू शकत नाही.

आपल्या लोहा तालुक्याला मैदान ही गोष्ट काही नवी नाही. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट ह्यांचा बाजार भरतो, तमाशाचे फड लागतात आणि कुस्त्यांची दंगल होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परतल्यावर खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधविले. ते १९१२ साली खुले झाले. तो एका लोकाभिमुख राजाचा संकल्प होता. माळेगावच्या दंगलीला मात्र दगडी पायऱ्या लागत नाहीत. माणसे गोल बसली की मैदान तयार होते. पहिली रांग जमिनीवर, दुसरी गुडघ्यांवर, तिसरी उभी, आणि मागची पोरे झाडांवर. ज्या राज्यात आखाड्याला परवानगी लागे, त्याच राज्याच्या मुलखात लोक यात्रेच्या निमित्ताने असे मुक्तपणे जमत आले. राजकारणाच्या इतिहासात ह्या जमण्याची नोंद होत नाही. परंतु माणसांना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसण्याची सवय असते, म्हणूनच एखाद्या दिवशी ती एकत्र उठूही शकतात.

म्हणून सांगावेसे वाटते ते एवढेच. मुक्तिसंग्रामाला पाऊणशे वर्षे होऊन गेली. तो लढा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी राहिली आहेत. भाई केशवराव धोंडगे १ जानेवारी २०२३ रोजी गेले, तेव्हा ह्या भागातील जिवंत स्मृतीचे एक मोठे दालन मिटले. गावोगाव पडलेल्या, तुरुंगात गेलेल्या, छावणीत भाकरी पोहोचविणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे अजून काही घरांत आठवणीत आहेत. ती उतरवून घेण्याचे काम सरकारी योजनेची वाट पाहणारे नाही. एक वही, एक हायस्कूलचा मुलगा आणि एक म्हातारी आजी एवढ्या साहित्यावर ते होते. ती नावे जमली, की ती कोठे कोरावयाची हा प्रश्न आपोआप सुटेल. शाळेच्या पटांगणाची भिंत आहे, कुस्तीच्या मैदानाचे प्रवेशद्वार आहे, वाचनालयाचा दर्शनी भाग आहे. त्यासाठी लागणारी वर्गणी मोठी नाही. मात्र ती घरटी असावी आणि तिचा हिशेब चावडीवर लावावा.

गश्ती निशाण ५३ च्या काळात आजच्यासारखी सभा भरली असती, तर आयोजकांना आधी परवानगीसाठी तहसीलचे उंबरठे झिजवावे लागले असते आणि श्रोत्यांत बसलेला कोणीतरी वक्त्याचे शब्द टिपून घेत असता. तुम्ही आज येथे कोणाला न विचारता आलात, मनात येईल तेव्हा उठून जाल, आणि वक्त्याचे पटले नाही तर उद्या चहाच्या टपरीवर तसे मोकळेपणी बोलाल. एवढी साधी वाटणारी ही गोष्ट मिळविण्यासाठी माणसे मेली. त्यांची नावे आपल्या जमण्याच्या जागी लिहिलेली असावीत, एवढे देणे ह्या गावाकडे लागते.